कड्यावरची ओ

१

वर्षभर शाहूपुरीतल्या गॅरेजात लोकांच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या माणसाला सुट्टीत काय सुचावं? आणखी एक मोटार. आमच्या ह्यांनी बावन्न सालच्या दिवाळीआधी लष्कराच्या लिलावातली एक जीप उचलली, रोज रात्री तिच्याखाली झोपून तिला चालती केली आणि वर एक जुना तंबूही घेऊन आले. भाऊबीज उरकली तसं घरात जाहीर झालं, की यंदा डोंगरात जायचं आणि तंबू ठोकून राहायचं.

"तंबूत सर्कशीतली माणसं राहतात," मी म्हटलं. मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत असे आणि कुठल्याही बेताला आधी हरकत घ्यायची, अशी माझी शिस्त होती.

हरकत टिकली नाही, कारण शेजारची आक्का निघाली. आक्का म्हणजे चिमणाबाई. ती माझी नात्याची बहीण नव्हे. मंगळवार पेठेत आमची घरं भिंतीला भिंत लागून होती, आणि अख्खी गल्ली तिला आक्का म्हणे, म्हणून तिचा नवरा सयाजीराव अख्ख्या गल्लीचा दाजी. कळंब्याकडे त्यांचा ऊस होता. आक्का उंच, हाडापेरानं मोठी, आणि आवाज असा की तळ्याच्या अलीकडून हाक मारली तर पलीकडचा गडी हातातलं काम टाकून उभा राही. मला ती फार आवडायची. भित्रेपणा म्हणून काही असतो, हे तिच्या गावीच नव्हतं.

बालिंगं, कळं, साळवण करत आम्ही बावड्याच्या वाटेला लागलो. पुढे हे आणि आमची पाच वर्षांची ताई (पाळण्यातलं नावही ताईच), मागे आम्ही तिघं आणि सामान. आणि घोटाळा तिथूनच सुरू झाला. मी "अहो, जरा थांबवा ना" म्हटलं, की दाजी दचकून माझ्याकडे बघत. आक्कानं "अवं, पाणी द्या" म्हटलं, की हे गाडीचा वेग कमी करत. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे आम्हा दोघींच्या हाडात मुरलेलं. हळदीकुंकवाला बायकांनी अडवलं तर उखाण्यात काय घेऊ तेवढंच. माझी पदवी तिथं काही कामाची नव्हती.

"दोन बायका आनि दोन अवं," दाजी म्हणाले. "आता हितनं म्होरं कुनीबी हाक मारली तर दोघांनीबी ओ द्यायची. जिचा त्यो तिनं निवडून घ्यावा."

आक्का इतकी हसली की तिला ठसका लागला.

२

जागा ह्यांनी निवडली होती, आणि ती त्यांनी कशी शोधली याचं मला आजही कौतुक वाटतं. बावड्याच्या अलीकडे सडक सोडून एक गाडीवाट उघड्या माळावर जाते. माळ सपाट, गवत पिवळं पडायला लागलेलं, अधूनमधून करवंदीच्या जाळ्या. वाट माळाच्या मध्यापर्यंत येऊन संपते, तिथं आम्ही तंबू ठोकला. एका अंगाला, थोडं उतरून गेलं की झरा. आणि वाटेच्या अगदी समोर, तंबूच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर माळ एकदम तुटलेला. खाली कोकण. मी काठाशी पोटावर पडून खाली पाहिलं. एवढी खोली मी कधी पाहिली नव्हती. झाडांची टोकं दिसत होती, त्यांच्या खाली घिरट्या घालणाऱ्या घारींच्या पाठी दिसत होत्या. डोळ्यांत पाणी आलं. ह्यांनी मला इथं आणलं म्हणून ऊर भरून आला, पण तसं बोलून दाखवायची पद्धत आमच्यात नव्हती.

ऊन उतरायला लागलं तेव्हा मी तंबूत अंथरुणं घालत होते. काड्याची पेटी सापडेना. मी हाक मारली, "अहो, काड्याची पेटी कुठं ठेवलीत?"

"ओ, आलो," उत्तर आलं. तंबूच्या मागून, कड्याच्या बाजूनं.

मी वाट पाहिली. कुणी आलं नाही. बाहेर येऊन बघते तर हे आणि दाजी दोघंही पुढच्या बाजूला, जीपचं बॉनेट उघडून आत डोकी घालून उभे होते.

"आत्ता ओ कुणी दिली?" मी विचारलं.

"मी न्हाय बाई," दाजी म्हणाले.

"तू हाक कधी मारलीस?" हे म्हणाले.

प्रतिध्वनी, मी मनात म्हटलं. समोर दरी आहे, आवाज आपटून परत येणारच. हा धडा मी सातवीच्या वर्गाला दरवर्षी शिकवते. तंबूत परत गेले, पेटी उशीखाली सापडली, आणि मग माझं मलाच उमगलं की प्रतिध्वनी आला असता तर "अहो" आला असता. आपण जे बोलतो तेच दरी परत देते. ती उत्तर देत नाही.

३

मास्तरकीची खोड वाईट. संशय आला की प्रयोग करून बघावा लागतो. मी तंबूच्या मागच्या कनातीशी उभी राहिले आणि "कू" केलं. काही नाही. "ताई!" म्हणून हाक मारली. ताई पुढच्या बाजूनं "काय?" म्हणून ओरडली, मागून काही नाही. मग मी ओठातल्या ओठात, माझं मला ऐकू येईल एवढ्यानं म्हटलं, "अहो."

"ओ," कनातीच्या पलीकडून आलं. तितक्याच हळू. अगदी जवळून.

मी कनात वर उचलली. गवत होतं, ऊन होतं, पलीकडे कडा. कुणी नव्हतं. मी खाली वाकून गवत दबलंय का तेही पाहिलं. वाऱ्यानं कनातीची दोरी घासली असेल, असं मी ठरवलं. ठरवायला काहीतरी हवंच होतं.

बाहेर आक्कानं तीन दगडांची चूल मांडली होती. पिठल्याला फोडणी बसली, कांदा-लसणाच्या चटणीचा खमंग वास सुटला आणि माझी भीती मला हास्यास्पद वाटायला लागली. आक्का भाकरी थापत होती, पाठ कड्याकडे. तव्यावरची भाकरी उलटता उलटता तिनं ताट वाढलं आणि मागं न बघताच खांद्यावरून पुढं केलं. "अवं, धरा."

"आलो की," मागून उत्तर आलं आणि ताट तिच्या हातातून गेलं.

मी चुलीच्या या बाजूला बसून ताईच्या भाकरीवर तूप घालत होते. मी मान वर केली तेव्हा आक्काचा हात रिकामा होता आणि तिच्या मागं धूर होता, एवढंच मी पाहिलं.

थोड्या वेळानं दाजी झऱ्यावरून हातपाय धुऊन आले आणि चुलीसमोर मांडी घालून बसले. "मला जेवान हाय का न्हाय?"

"आत्ता तर ताट घेतलंसा की."

"मी आत्ता येतोय न्हवं झऱ्यावरनं?"

आक्कानं ह्यांच्याकडे पाहिलं. हे दाजींच्या मागोमाग येत होते, ओल्या पायांनी, रिकाम्या हातांनी. तिनं दुसरं ताट वाढलं आणि या खेपेला वळून, तोंड बघून नवऱ्याच्या हातात दिलं.

४

सकाळी ताट सापडलं. कड्याच्या अगदी काठाशी एका सपाट दगडावर, घासून, पुसून, पालथं ठेवलेलं.

आम्ही दोघी त्याच्याकडे बघत उभ्या राहिलो. ऊन स्वच्छ होतं, पक्षी ओरडत होते, आणि माझ्या पाठीवर काटा आला. कारण आमच्या दोघींच्या नवऱ्यांत गुण पुष्कळ असतील, पण जेवल्यावर ताट जागचं उचलायचं दोघांनाही ठाऊक नव्हतं, मग घासणं तर दूरच.

"ह्ये ह्यांचं काम न्हवं," आक्का म्हणाली.

"कुणी गुराखी असेल. भूक लागली असेल त्याला."

"आसंल की." आक्कानं ताट उचललं नाही. "गुराखी तर गुराखी. पर आज दुपारच्या आत हितनं हालायचं."

बेत लगेच ठरला. ताईचं दूध रात्रीत नासलं होतं. हे जीप घेऊन बावड्यात जाऊन दूध आणणार होते, आणि फिरायला मिळतंय म्हटल्यावर ताईही पुढं चढून बसली. तोवर आम्ही सामान बांधायचं. जीप गवतातून सडकेला लागली, तिचा आवाज विरला. दाजींनी पाण्याचा पत्र्याचा डबा घेतला आणि ते झऱ्याकडे उतरले. त्या डब्याची कडी गंजकी होती, पावलागणिक करकरायची. ती करकर ऐकत आम्ही अंथरुणं गुंडाळत होतो.

मग धुकं आलं. ते वरून उतरलं नाही, खालून, कोकणातून कडा चढून आलं. आधी काठ गेला, मग तो दगड आणि त्यावरचं ताट, मग करवंदीच्या जाळ्या. मी तंबूची दोरी सोडत होते. मान वर केली तर शेजारी उभी असलेली आक्का मला अर्धीच दिसत होती. सगळं पांढरं, ओलं आणि फार सुंदर होतं. मला ते आवडलं, हे मी कबूल करते. पहिली दोन मिनिटं मला ते अतिशय आवडलं.

५

"अवं!" आक्कानं हाक मारली. "धुकं आलंय, बेतानं या!"

"आलो की," कड्याकडून उत्तर आलं.

झरा एका अंगाला, कडा दुसऱ्या. उत्तर झऱ्याकडून यायला हवं होतं. आणि मग झऱ्याच्या बाजूनं खरोखरच दाजींचा आवाज आला, हसरा, मोकळा, ह्यांना उद्देशून. "कोन, वसंतराव? आलासा व्हय माघारी? लई लवकर! थांबा तितंच, तुमच्या आवाजावर येतो."

डब्याची कडी करकरायला लागली. झऱ्याकडून तंबूकडे नाही. झऱ्याकडून कड्याकडे.

"अवं, तिकडं न्हाय! तिकडं कडा हाय!"

"या की, पावणं," कड्यावरचा तो म्हणाला. प्रेमळ आवाज होता. घरी आलेल्याला ओसरीवरून म्हणावं तसा.

"आलो, आलो," दाजी हसले. मग आमच्यासाठी मोठ्यानं म्हणाले, "आगं, वसंतराव हुबं हाईत की हितं! तर कडा कसा आसंल? तुमीच वाट चुकल्यासा. हालू नगासा जागच्या!"

त्यांचं काही चुकत नव्हतं. जिथून माणूस बोलतो तिथं जमीन असणार, एवढंच ते म्हणत होते. धुक्यात दुसरा हिशेब तरी कुठला करणार? मी ओरडले, "दाजी, हे नाहीत हो तिथं! हे अजून आलेले नाहीत! दाजी!"

"ओ," कड्यावरून आलं. "आलो."

मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. 'दाजी' या हाकेलाही तोच ओ देत होता. आमच्या हाकांनी तोच बोलत होता, आणि तो बोलला की दाजींना वाट सापडत होती. गप्प राहावं तर डबा पुढं चाललेला, हाक मारावी तर डबा आणखी झपाट्यानं चाललेला. पळत जाऊन अडवावं तर धुक्यात आपलाच पाय आधी कड्याखाली जायचा. माझं सगळं विज्ञान तिथं संपलं. मी नुसती कडीची करकर ऐकत राहिले.

आक्कानं माझं मनगट धरलं. तिनं एकदा श्वास घेतला.

"सयाजी!"

६

मी दहा वर्षं त्या बाईच्या शेजारी राहत होते. दाजींना पेठेत दाजी म्हणत, शेतावर गडी मालक म्हणत, त्यांची थोरली माणसं केव्हाच गेलेली. ते नुसतं, बोडकं नाव मी कुणाच्याही तोंडून ऐकलं नव्हतं. आक्काच्या तोंडून तर ते देवासमोरही राव लावून यायचं. आणि ती ओरडली ती उखाण्यात नाही, आडून नाही. आडदांड पोराला आई हाक मारते तशी ओरडली. सगळा माळ त्या हाकेनं भरला.

कडी थांबली.

कड्यावरून काही आलं नाही. ओ नाही, आलो नाही. अवं कुणीही होऊ शकतो, सयाजी एकच होता.

मग दाजींचा आवाज आला, पार बदललेला, बारीक. "काय झालं गं? कोन गेलं?"

बायकोनं नाव घेतलं म्हणजे घरात मयत झाल्याशिवाय नाही, असं त्या माणसाला वाटलं होतं. त्या धक्क्यानं त्यांचं पाऊल उचललेलं तिथंच राहिलं.

"कोन गेलं न्हाय, सयाजी. खाली बस. हाय तितं खाली बस."

"तू मला अरेतुरे..."

"बस म्हनती न्हवं!"

डबा जमिनीवर टेकल्याचा आवाज आला. आक्कानं पदराचं टोक माझ्या हातात दिलं, स्वतः गुडघ्यांवर झाली आणि हातानं जमीन चाचपत पुढं निघाली. दर हाताला ती म्हणे, "सयाजी," आणि ते म्हणत, "हाय." पुन्हा "सयाजी," पुन्हा "हाय." मी पदर घट्ट धरून मागोमाग रांगत होते. मला रडू फुटत होतं, आणि त्याच वेळी त्या बाईच्या पाठीकडे बघून मला असं वाटत होतं, की हिच्यामागं मी कुठंही जाईन.

तिचा हात त्यांच्या खांद्यावर पडला त्या क्षणी वारा आला आणि धुकं जरासं फाटलं. दाजी काठावर बसले होते. डबा त्यांच्या शेजारी होता आणि पुढच्या पावलाला जमीन नव्हती.

आणि त्यांच्या समोर, जिथं आदल्या दिवशी मी घारींच्या पाठी पाहिल्या होत्या त्या पोकळीत, आमच्याच उंचीवर कुणीतरी उभं होतं. धोतर होतं असं मला वाटलं. हात पुढं केलेला होता, बैलगाडीतून उतरणाऱ्या पाहुण्याला द्यावा तसा. मान किंचित कलती. ऐकत असल्यासारखी.

धुकं पुन्हा मिटलं. मी आक्काला विचारलं नाही की तू काय पाहिलंस. तिनंही मला कधी विचारलं नाही.

७

आम्ही दाजींना दोन्ही बाजूंनी धरून तंबूपर्यंत आणलं. ते आक्काकडे बघत होते. त्या हाकांनी आक्काचा आवाज पार फाटला होता. ओठ हलत, पण नुसती हवा येई. मी तिला पाणी दिलं आणि पाय दाबत बसले. मला वाटलं, संपलं.

सडकेच्या बाजूनं जीप ऐकू आली.

ती गाडीवाटेला लागली. गवत चाकांखाली सळसळल्याचा आवाज येत होता. धुकं तसंच होतं. हे सावकाश हाकत होते, शहाणा माणूस. मग त्यांनी वेग आणखी कमी केला आणि बाजूनं तोंड बाहेर काढून ओरडले असावेत.

"अगं! कुठं आहात तुम्ही? काही दिसत नाही!"

मी तोंड उघडलं. आणि माझ्या आधी, कड्याकडून, माझ्या आवाजात उत्तर गेलं, "ओ! इकडं आहे, या सरळ."

तो माझाच आवाज होता. वर्गात पाठीमागच्या बाकापर्यंत पोचावा म्हणून मी जरा वरच्या पट्टीत बोलते, तसाच. मला माझ्या तोंडाला हात लावून बघावं लागलं, की मीच बोलले की काय.

इंजिन पुन्हा घरघरलं. जीप आमच्या अंगावरून जाणार नव्हती, बाजूनं जाणार होती. सरळ. पुढच्या सीटवर ताई होती.

आक्कानं माझ्या दंडात बोटं रुतवली. तिच्या घशातून एक फाटका सूर निघाला. "नाव घे."

सांगायला सोपं आहे. दहा वर्षांचा संसार, एक लेकरू, आणि ते तीन अक्षरांचं नाव माझ्या तोंडात कधी नुसतं आलंच नव्हतं. आक्का माझ्याकडे बघत होती. तिनं जे केलं ते मी पाहिलं होतं.

"वसंत!" मी ओरडले. "वसंत, थांब! गाडी थांबव, वसंत!"

ब्रेक करकचून लागले. जीप तंबू ओलांडून कड्याच्या बाजूला कुठंतरी, दिसत नव्हती तिथं, घसरत जाऊन थांबली. इंजिन बंद पडलं. कड्याची बाजू गप्प होती. ह्यांचा आवाज आला, गोंधळलेला, जरासा रागावलेला, पण जिवंत. "काय झालं? नाव काय घेतेस?"

मी रडत हसायला लागले. आणि तेवढ्यात ब्रेकच्या हिसक्यानं घाबरलेली ताई जीपमधून खाली उतरली. तिचे पाय गवतात पडल्याचं मी ऐकलं. ती मोठ्यानं रडली.

"आई!"

कड्यावरून, अगदी मायेनं, माझ्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "ओ, बाळा. ये."

पाच वर्षांच्या पोरीला आईसाठी दुसरं नाव नसतं. मी ओ दिली नाही. ओ द्यायला श्वास घालवला नाही. साडी गुडघ्यांवर धरली आणि त्या रडण्याच्या दिशेनं धावत सुटले. धुकं, करवंदीचे काटे, काही बघितलं नाही. माझ्या बरोबरीनं, थोडं डावीकडे, गवतात आणखी कुणाची तरी पावलं धावत होती, हलकी, अनवाणी, बाईची. मी वळून बघितलं नाही. मी फक्त अधिक जोरात धावले.

मी आधी पोचले.